आकड्याचे आडनाव : गॉस, टेस्ला आणि मावळातल्या तारा

कलाशाखेच्या वार्षिकांकात कविता, ललित लेख आणि सहलींची वर्णने शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत विद्युत्-चुंबकीय बल आणि क्षेत्र मोजण्याच्या एककांवरचा लेख आणून बसवणे थोडे धाडसाचेच आहे. पण मी भूगोल शिकवतो, आणि भूगोलाच्या माणसाला होकायंत्राची सुई कशामुळे हलते हे विचारावेच लागते. शिवाय आपण राहतो मावळात. डोंगरावर उभे राहून खाली पाहिले तर तळी दिसतात, तळ्यांच्या पलीकडे लोखंडी मनोरे दिसतात, आणि मनोऱ्यांवरून भातखाचरांच्या डोक्यावरून गेलेल्या तारा दिसतात. या तारांविषयी गावोगावी बरेच बोलले जाते. त्या बोलण्यात आकडे असतात, पण आकड्यांना आडनाव नसते.

आडनाव म्हणजे एकक. आपल्याकडे पूर्वी भात पायलीने मोजत. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीबरोबर जुळेलच असे नसे. म्हणून ‘चार पायल्या दिल्या’ असे सांगणाऱ्याला शहाणा माणूस ‘कुठल्या पायलीने?’ असे विचारीत असे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, पुढे किलो आणि लिटर आले, आणि तो प्रश्न मिटला. विद्युत्-चुंबकत्वात मात्र जुनी पायली आणि नवा किलो अजून शेजारी शेजारी नांदत आहेत. गॉस ही जुनी पायली, टेस्ला हा नवा किलो. दोघांत दहा हजारपटीचा फरक आहे. एवढा फरक ध्यानात न घेता आकडे वाचले तर भीती किंवा निर्धास्तपणा, दोन्ही फुकटचे पदरात पडतात.

प्रथम मावळाचा या विषयाशी संबंध पाहू. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तळी बांधली. त्यांचे पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरवून खोपोलीस वीज निर्माण करण्यास १९१५ च्या फेब्रुवारीत आरंभ झाला. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती, आणि ती सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने तारेवरून नेण्यात आली. पुढे आंदर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे केंद्र चालू झाले. १९२९-३० च्या सुमारास बोरघाटातून जाणारा रेल्वेमार्गही विजेवर आला. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ मावळाच्या हवेत विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रे नांदत आहेत. ती दिसत नाहीत, म्हणूनच मोजावी लागतात.

आता मोजायचे म्हणजे नेमके काय? १८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेड या प्राध्यापकास असे आढळले की तारेतून विद्युत्प्रवाह सोडला की शेजारची चुंबकसुई हलते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये अँपिअरने दाखवले की प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात. सुई हलते, तार ढकलली जाते, म्हणजेच तेथे बल आहे. विद्युत्-चुंबकत्वाची सारी एकके या बलाच्या खुंटीला टांगलेली आहेत.

बलाचे आजचे एकक न्यूटन. त्याची ओळख लोणावळ्यात फार सोपी आहे. शंभर ग्रॅम चिक्कीचे पुडके तळहातावर ठेवा. हाताला जो भार जाणवतो तो जवळजवळ एक न्यूटन. आता अशी कल्पना करा की एक मीटर लांबीच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात आहे आणि ती चुंबकीय क्षेत्राला काटकोनात धरली आहे. त्या तारेवर एका चिक्कीच्या पुड्याइतके, म्हणजे एक न्यूटन, बल आले तर तेथील चुंबकीय क्षेत्र एक टेस्ला. निकोला टेस्ला या संशोधकाचे नाव या एककास १९६० साली आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने दिले.

एक टेस्ला हे फार मोठे क्षेत्र आहे. रुग्णालयातील एमआरआय यंत्रावर दीड टेस्ला असे लिहिलेले पुष्कळांनी पाहिले असेल. त्या खोलीत लोखंडी वस्तू नेऊ देत नाहीत ते याचमुळे. पृथ्वीचे क्षेत्र याच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. आपल्या भागात ते सुमारे ४३ मायक्रोटेस्ला भरते. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग. अशा क्षेत्रात तीनशे अँपिअर वाहून नेणारी तार काटकोनात ठेवली तर तिच्या दर मीटरवर पृथ्वी जेमतेम सव्वा ग्रॅम वजनाइतका जोर लावते. तार काही हलत नाही. होकायंत्राची सुई मात्र हलकी आणि टोकावर तोललेली असल्याने तिला तेवढे पुरते.

दोन तारांमधील बलाचाही हिशोब पाहण्यासारखा आहे. एकमेकींपासून एक मीटर अंतरावरच्या दोन लांब तारांतून प्रत्येकी एक अँपिअर जात असेल, तर त्यांच्या दर मीटरवर एका न्यूटनचा पन्नास लाखावा भाग एवढे बल येते. अँपिअरची व्याख्याच बरीच वर्षे अशी होती; २० मे २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनवरील विद्युत्भाराच्या ठराविक मूल्यावरून करतात. तीन मीटर अंतरावरच्या दोन तारांत प्रत्येकी तीनशे अँपिअर असले तरी हे बल दर मीटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडेच अधिक होते. पण बिघाड होऊन क्षणभर तीस हजार अँपिअर धावले तर? प्रवाह शंभरपट झाला की बल शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारपट होते. दर मीटरला सहा किलोचा हिसका बसतो. विद्युत् उपकेंद्रातील जाड पट्ट्या इतक्या भक्कम खिळवून का ठेवतात, हे या एका गुणाकारावरून कळावे.

आता जुन्या पायलीकडे वळू. जर्मन गणिती गॉस याने १८३२ साली एक नवा विचार मांडला. तोपर्यंत एका ठिकाणचे चुंबकत्व दुसऱ्या ठिकाणच्या तुलनेने सांगत. गॉस म्हणाला, लांबी, वस्तुमान आणि काळ यांच्या मापांतच पृथ्वीचे चुंबकत्व सांगता आले पाहिजे. म्हणजे मग गटिंगेनचा आकडा आणि मुंबईचा आकडा एकाच तागडीत घालता येतील. पुढे सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांवर उभारलेल्या पद्धतीत चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्याचेच नाव मिळाले. दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला. म्हणून आपल्याकडची पृथ्वी ०.४३ गॉस. याच पद्धतीत ओर्स्टेडच्या नावाचेही एक एकक आहे. तारेतील प्रवाह किती जोर लावतो ते ओर्स्टेडमध्ये सांगतात, आणि त्या जोरामुळे पदार्थात प्रत्यक्ष किती चुंबकत्व उभे राहते ते गॉसमध्ये. हवेत दोन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे लोक एकाऐवजी दुसरे वापरून मोकळे होतात. लोखंडात मात्र एका ओर्स्टेडच्या पोटी शेकडो, कधी हजारो गॉस निघतात. नव्या पद्धतीत ओर्स्टेडची जागा ‘अँपिअर प्रति मीटर’ याने घेतली. एक ओर्स्टेड म्हणजे साधारण ऐंशी अँपिअर प्रति मीटर.

भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना गॉस फार मोठा पडे, म्हणून ते त्याचा लाखावा भाग घेत आणि त्याला गॅमा म्हणत. योगायोग असा की एक गॅमा बरोबर एक नॅनोटेस्ला भरतो. या योगायोगाचा फायदा मुंबईच्या एका जुन्या नोंदीला झाला. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेत असत. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीभर मोठे चुंबकीय वादळ झाले; यूरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. एरवी दिवसभरात हा चढउतार काही दहांच्या घरात असतो. २००३ साली शास्त्रज्ञांनी हे जुने वेध पुन्हा तपासले आणि त्या वादळाचा जोर किती होता ते जगाला सांगितले. आकडे एककांसह नीट लिहून ठेवले होते, म्हणून जवळजवळ दीडशे वर्षांनी ते कामी आले.

कुलाब्याची ही वेधशाळा पुढे अलिबागला का गेली, ही हकीकत आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातली आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या तारांतील आणि रुळांतील प्रवाहाने सुया हलतील आणि पृथ्वीचे वेध बिघडतील, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. अलिबागला चुंबकाला न भुलणाऱ्या सामग्रीच्या इमारती उभारण्यात आल्या. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकदमच वेध घेण्यात आले, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळावा. त्यानंतर, ७ मे १९०७ रोजी, विजेची ट्राम धावली. अलिबागचे वेध आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत. ट्रामसारखे साधे वाहन एका वेधशाळेला समुद्रापलीकडे जायला लावते, ते कसे, हे आपल्याच घाटातल्या गाडीवरून समजावून घेता येईल.

एका लांब तारेभोवतीचे क्षेत्र काढण्याची रीत तोंडपाठ करण्याइतकी सोपी आहे. अँपिअरला मीटरमधील अंतराने भागा आणि ०.२ ने गुणा. उत्तर मायक्रोटेस्लात येते. बोरघाटात प्रथम जी वीज आली ती १,५०० व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. तीन हजार किलोवॉट शक्तीचे इंजिन धरले तर या दाबावर त्याला दोन हजार अँपिअर लागतात. पाच मीटर अंतरावर एकट्या तारेचे क्षेत्र किती? दोन हजार भागिले पाच, गुणिले ०.२, म्हणजे ८० मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या ४३ पेक्षा हे जवळजवळ दुप्पट झाले! रुळांतून परत जाणारा प्रवाह उलट दिशेचा असल्यामुळे यातला बराच भाग खोडला जातो हे खरे. तरीही नॅनोटेस्ला मोजणाऱ्या सुईपुढे अशा शेजाऱ्याचा काय धुमाकूळ असेल, याची कल्पना यावी. पुढे हे मार्ग २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहावर नेण्यात आले. मुंबईकडील मुख्य मार्गाचा शेवटचा टप्पा २०१५ साली पूर्ण झाला. तेवढ्याच शक्तीला आता फक्त १२० अँपिअर पुरतात आणि तेच क्षेत्र ४.८ मायक्रोटेस्लावर येते. शिवाय एसी प्रवाह सेकंदाला पन्नास फेरे घेतो. सुई त्याच्या मागे धावूच शकत नाही. असे क्षेत्र मोजायला तारेचे वेटोळे असलेले निराळे यंत्र लागते.

येथे एक गोष्ट लक्षात आली असेल. दाब वाढला आणि चुंबकीय क्षेत्र कमी झाले. लोक मात्र तारेवरचे व्होल्ट ऐकून घाबरतात. व्होल्टशी नाते आहे ते दुसऱ्या क्षेत्राचे, विद्युत् क्षेत्राचे. त्याचे एकक व्होल्ट प्रति मीटर. मोकळ्या आकाशाखाली जमिनीलगत सुमारे शंभर व्होल्ट प्रति मीटर एवढे विद्युत् क्षेत्र नेहमीच असते. पावसाळी गडगडाटात ते हजारांवर जाते, आणि कोरड्या हवेत तीस लाखांच्या आसपास पोचले की ठिणगी पडते. उच्चदाबाच्या तारेखाली ते हजारांच्या हिशोबाने, म्हणजे किलोव्होल्ट प्रति मीटरमध्ये मोजतात. विद्युत् क्षेत्राला भिंत, कौले, झाडे अडवतात. चुंबकीय क्षेत्राला ती अडवत नाहीत. म्हणून घरात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने चौकशी करायची ती मुख्यतः चुंबकीय क्षेत्राची.

अशी चौकशी मागे माझ्याकडे आली होती. मावळातल्याच एका वस्तीवरचे एक वृद्ध शेतकरी एक कागद घेऊन आले. त्यांच्या खाचरावरून ११० किलोव्होल्टची वाहिनी जाते. कोणा जाणत्या मुलाने यंत्र आणून मोजणी करून दिली होती. कागदावर तीन आकडे होते : तारेखाली ३२, गोठ्यापाशी ८, घरापाशी २. आडनाव कोणालाच नव्हते. घराच्या तारेकडच्या बाजूला बारा मीटर पुढे नातवंडांसाठी एक खोली काढायचा त्यांचा विचार होता. दुसऱ्या कोणी त्यांना सांगितले होते की ०.४ च्या वर गेले की लेकरांना धोका, आणि तिसऱ्याने सांगितले होते की दोनशेपर्यंत काही होत नाही.

“सर, ह्यो आकडा चांगला का वाईट, तेवढं सांगा,” ते म्हणाले.

मी म्हटले, “आबा, आधी हा आकडा कोणाच्या घरचा ते शोधू.”

शोधणे अवघड नव्हते. मोजणीची जागा तारेपासून दहा मीटर, गोठा वीस, घर चाळीस. ३२ हे मायक्रोटेस्ला असते तर दहा मीटरवर तेवढे क्षेत्र येण्यास एकाच तारेत सोळाशे अँपिअर हवेत. वाहिनीत तर तीन तारा असतात, त्यांचे प्रवाह मागेपुढे चालतात आणि एकमेकांचे क्षेत्र बरेचसे खोडतात. म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ अधिक प्रवाह लागेल. त्या प्रकारची वाहिनी सहसा काही शे अँपिअरच नेते. तेव्हा ३२ मायक्रोटेस्ला शक्य नाही. मिलिगॉस धरले तर सारे जुळते. दहा मिलिगॉस म्हणजे एक मायक्रोटेस्ला. ३२ मिलिगॉस म्हणजे ३.२ मायक्रोटेस्ला. पुढे त्या मुलाने यंत्र आणून दाखवले, त्याच्या पाटीवर मिलिगॉसच होते. आणखी एक ताळा मिळाला. अंतर दुप्पट झाले की आकडा चौथाई झाला : ३२, ८, २. तीन तारांच्या वाहिनीपासून दूर जाताना क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्याचा हा धडा कागदावर आपोआप उतरला होता.

मग त्या दोन मर्यादांचे काय? दोन्ही खऱ्या आहेत, पण निरनिराळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. शरीरातील मज्जातंतूंवर लगेच होणारे परिणाम टाळण्यासाठी एका आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सर्वसामान्य लोकांसाठी, पन्नास फेऱ्यांच्या विजेकरिता, २०० मायक्रोटेस्ला आणि ५ किलोव्होल्ट प्रति मीटर या पातळ्या सुचवल्या. ०.४ मायक्रोटेस्लाची गोष्ट वेगळी. ज्या घरांत क्षेत्राची दीर्घकाळची सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर होती, तेथील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे जास्त दिसले, असे काही देशांतील पाहण्या एकत्र केल्यावर आढळले. त्यावरून २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. कारण आणि परिणाम असे नाते सिद्ध झालेले नाही. २००७ साली संघटनेनेही पुरावा तेवढा बळकट नसल्याचेच म्हटले.

आबांच्या घरापाशी २ मिलिगॉस, म्हणजे ०.२ मायक्रोटेस्ला. दोनशेचा हा हजारावा भाग, आणि ०.४ च्या निम्मा. हेच २ मायक्रोटेस्ला समजले असते तर ०.४ च्या पाचपट म्हणून राहते घर सोडण्याची भाषा झाली असती. आणि केवळ २०० शी ताडून ‘काही होत नाही’ म्हटले असते, तर नव्या खोलीचा विचारच झाला नसता. कारण खोली तारेपासून अठ्ठावीस मीटरवर येणार होती, आणि वर्गाच्या नियमाने तेथे ४ मिलिगॉस भरतात, म्हणजे नेमके ०.४ मायक्रोटेस्ला! शिवाय ती मोजणी एका दुपारची. वाहिनीतील प्रवाह तासागणिक आणि ऋतूगणिक कमीजास्त होतो, तेव्हा सरासरी याहून कमीही असेल, जास्तही असेल.

मी आबांना एवढेच सांगितले : राहत्या घराची काळजी करू नका. धोका सिद्ध झालेला नाही, पण नवी खोली घराच्या मागच्या अंगाला काढली तर एक पैसाही जास्त लागत नाही, आणि मुले तारेपासून लांब झोपतील. त्यांना ते पटले. खोली मागच्या अंगाला झाली.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळजण पुढे शिक्षक, ग्रामसेवक, वार्ताहर होतील आणि असेच कागद घेऊन लोक आपल्याकडे येतील. तेव्हा चार गोष्टी विचाराव्यात. आकड्याचे एकक कोणते? मोजणी किती अंतरावर केली? ती एका क्षणाची की दीर्घ काळाची सरासरी? आणि ज्या मर्यादेशी तुलना चालली आहे ती कोणत्या प्रश्नासाठी ठरवली आहे? त्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. एक गुणाकार, एक भागाकार आणि थोडा धीर पुरतो. आपण बातमीत, अर्जात किंवा ठरावात आकडा लिहू तेव्हा त्याच्या पुढे एकक लिहावे. तेवढ्या एका शब्दावर कोणाची तरी खोली कोणत्या बाजूला निघते, हे मी पाहिले आहे.